लाड मराठीत, राग हिंदीत

भाऊराव देवतळ्यांनी नातीला हाक मारली ती गोष्ट सांगायला. दुसरा कुठलाही हेतू नव्हता, हे ते आजही शपथेवर सांगतात. संध्याकाळची वेळ होती, चहा झाला होता, डास अजून यायचे होते, आणि मनात त्यांच्या आईने सांगितलेली आळशी रेड्याची गोष्ट घोळत होती. आवाजात होतं नव्हतं तेवढं लोणी ओतून ते म्हणाले, "दुर्वा, ये बाळा इकडे. बस माझ्याजवळ."

पाच वर्षांच्या दुर्वाने हातातली बाहुली टाकली आणि थेट डायनिंग टेबलाखाली शिरली. आतून आवाज आला, "मैंने कुछ नहीं किया दादू! वो पहले से टूटा था!"

काय तुटलं होतं ते मागाहून कळलंच (तिच्या आजीच्या, म्हणजे नर्मदाबाईंच्या, चष्म्याची दांडी), पण भाऊरावांना चष्म्याचं काही नव्हतं. त्यांना लागलं ते भलतंच. आपण प्रेमाने हाक मारावी आणि पोरीने टेबलाखाली लपावं? चष्म्याची दांडी काय, दोन रुपयांच्या स्क्रूने बसते.

त्यांनी हिंदीत हाक मारून पाहिली. "बेटा, बाहर आ जाओ. कहानी सुनाएँगे." पोरगी लगेच बाहेर आली आणि मांडीवर चढून बसली. आता खरी पंचाईत. भाऊरावांची सगळी नोकरी जबलपूरला, रांझीच्या फॅक्टरीत, इन्स्पेक्शन विभागात गेलेली. त्यांची हिंदी तिथेच घडली. माल आला, तपासला, पास केला, परत पाठवला, एवढ्यापुरती ती उत्तम होती. तिच्यात रेडा काही मावेना. "एक भैंसा था," त्यांनी सुरुवात केली. "वो काम में ढिलाई करता था. तो उसको... समझाइश दी गई." पुढे काय झालं हे विचारायलाही दुर्वा थांबली नाही. ती उठून टीव्हीकडे गेली.

दिवाळीनंतर मुलाची, योगेंद्रची, बँकेने रायपूरला बदली ठरवलेली होती. म्हणजे पोरगी जाणार, आणि तिच्या लेखी दादू म्हणजे समझाइश, म्हणजे ताकीद, देणारा एक म्हातारा एवढंच उरणार. गोष्ट सांगायची तर मराठीतच, आणि मराठी ऐकली की पोरगी पळते. भाऊरावांना त्या रात्री पोळी गोड लागली नाही.

आता इन्स्पेक्शनचा माणूस म्हटल्यावर तो मुकाट्याने बसणार थोडाच! दुसऱ्या दिवसापासून ते वर्तमानपत्राआडून घराचं निरीक्षण करू लागले. जे दिसलं त्याने ते थक्क झाले.

घरात लाड चालायचे ते हिंदीत. "मेरी रानी बिटिया, दूध पी लो," असं नर्मदाबाई म्हणायच्या, ही बाई आर्वीची, माहेरी कुत्र्यालाही मराठीतच हाड म्हणणारी! आणि दूध सांडलं रे सांडलं की, "कार्टे! डोळे फुटले काय तुझे? जीव खाऊन राहिली माझा सकाळपासून!" सून वैभवी पांढुर्ण्याची, कॉलेजात शिकवणारी. तिचंही तेच. पापा घ्यायचा तो हिंदीत, पाठीत धपाटा घालायचा तो मराठीत. आणि योगेंद्र? तो तर कहर. पोरीला कळू नये म्हणून कट शिजवायचा तो मराठीत. "तिला नको सांगू, ती झोपली की आपण निघू." "दुधात ते कडू औषध टाकलं का?" पोरीला शब्द कळत नसतील, पण हलक्या आवाजात मराठी सुरू झाली की आपल्याला कोणीतरी सोडून जाणार किंवा काहीतरी कडू पाजणार, हे तिने पक्कं ओळखलं होतं.

"अगं, आपणच शिकवलं तिला हे!" भाऊराव स्वयंपाकघरात जाऊन ओरडले. "मराठी म्हणजे धपाटा!"

"मग तुम्ही काय मराठीत ओव्या गाता काय?" नर्मदाबाई कणीक मळता मळता म्हणाल्या. "चप्पल जागेवर ठेव, टीव्ही बंद कर, पंखा काहून चालू ठेवला. दुसरं काय बोलता तुम्ही तिच्याशी?"

भाऊराव आपल्या वर्तमानपत्राकडे परत गेले. निरीक्षणात निरीक्षकाला मोजत नसतात.

उपाय सुचला तो फॅक्टरीच्या भोंग्यामुळे. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी दुपारचा भोंगा झाला की भाऊरावांच्या पोटात कावळे ओरडायला लागायचे. पाव तासापूर्वी भरपेट जेवले असले तरीसुद्धा. भोंग्याचा आणि वरणाचा काय संबंध? काही नाही. पण वर्षानुवर्षं भोंग्यामागून डबा आला, म्हणून आता नुसत्या भोंग्यानेही तोंडाला पाणी सुटतं. शेजारच्या पटेरियाजींचं उलटं. त्यांना एकदा गुलाबाचं सरबत प्यायल्यावर कावीळ झाली होती. तेव्हापासून गुलाब दिसला तरी ते तोंड फिरवतात. देवाला वाहतानाही ते गुलाब टाळून झेंडू घेतात.

"म्हणजे," भाऊराव उत्साहाने जवळजवळ नाचतच म्हणाले, "जो धागा जुळतो तो उसवताही येतो!"

रात्री जेवताना त्यांनी फर्मान काढलं. आजपासून या घरात लाड मराठीत आणि राग हिंदीत. अपवाद नाही.

"बाबा, काहीही काय!" योगेंद्र म्हणाला.

"मला हिंदीत रागावता नाही येत," नर्मदाबाईंनी स्पष्ट सांगितलं. "जीभच वळत नाही."

"वळव," भाऊराव म्हणाले.

परीक्षेची वेळ लगेच आली. दुर्वाने बैठकीच्या नव्या रंगवलेल्या भिंतीवर स्केचपेनने हत्ती काढला. नर्मदाबाई आल्या, हत्ती पाहिला, छातीत हवा भरली, तोंड उघडलं, आणि समोर भाऊराव बोट वर करून उभे. हवा तिथेच अडली. शेवटी मोठ्या कष्टाने त्या म्हणाल्या, "आप... आप बहुत... खराब बालिका हैं!" दुर्वा खिदळली आणि तिने हत्तीला शेपूट काढली. वैभवी ओढणी तोंडात कोंबून आत पळाली.

पण सरावाने काय होत नाही! नर्मदाबाईंनी हार मानली नाही. त्यांनी संध्याकाळच्या हिंदी मालिका नव्या नजरेने पाहायला घेतल्या. त्यांतल्या दुष्ट सासवा कशा थांबतात, कशा वळतात, भुवई कुठे चढवतात, सगळं शिकून घेतलं. थोड्याच दिवसांत त्यांची हिंदी अशी काही धारदार झाली की दूध सांडल्यावर त्या दारात उभ्या राहून गरजल्या, "इस घर में अब या तो ये गिलास रहेगा, या मैं!" दुर्वा तर घाबरलीच, पण भाऊरावांच्याही हातून वर्तमानपत्र पडलं.

आणि इथेच पहिली गडबड झाली. आजवर देवतळ्यांच्या घरातली भांडणं मराठीच्या पडद्याआड सुखरूप होती. आता सासू-सुनेचा कोथिंबिरीवरून वाद झाला तो नियमाप्रमाणे हिंदीत, आणि खिडक्या उघड्या. संध्याकाळी पटेरियाजी सपत्नीक हजर.

"भाभीजी, बहू को धनिया के पीछे ऐसा नहीं बोलना चाहिए," पटेरियीणबाई खुर्चीवर बसत म्हणाल्या. "आजकल की बहुएँ हैं."

"और बहू," पटेरियाजी म्हणाले, "बड़ों को 'आपको क्या पता' नहीं कहते."

भाऊरावांचे कान तापले. "आपको हमारे घर का सब सुनाई देता है?"

"अब समझ में आता है देवतले जी! पहले तो हम समझते थे, आपके यहाँ सुबह-शाम आरती होती है. हम लोग उधर से हाथ जोड़ लेते थे."

एवढ्या वर्षांच्या भांडणांना शेजारी हात जोडून बसत होते, हे ऐकून नर्मदाबाई आत गेल्या त्या बाहेरच आल्या नाहीत. भाऊरावांनी पाहुण्यांना चहा स्वतः करून पाजला. त्यात साखर पडली नाही, पण सगळ्यांनी तो संपवला.

तरी माघार नाही! योजनेची दुसरी बाजू तर जोरात चालली होती. भाऊराव रोज स्कूटरवरून कांचघरला जाऊन खोव्याची जलेबी आणायचे, तीच ती जबलपूरची, काळपट, जाडजूड, पाकात मुरलेली. एक तुकडा हातात धरून म्हणायचे, "ये गं माझी सोनुली, ये बाळा." पहिल्या दिवशी दुर्वा टेबलाखालून नुसता हात बाहेर काढून तुकडा घेऊन गेली. मग अर्धी बाहेर आली. मग पूर्ण. आठवडा झाला नाही तोच "ये बाळा" म्हटलं की पोरगी घरात असेल तिथून धावत यायची, चेहरा फुललेला, तळहात पुढे! भाऊरावांना आनंदाने काय करावं कळेना. त्यांनी बायकोला हाक मारून तीन वेळा तोच प्रयोग दाखवला.

गल्लीतल्या इतर पोरांनाही वास लागलाच. पटेरियाजींची नातवंडं फाटकाशी येऊन उभी राहायची. "दादाजी, हमको भी मराठी बोलिए ना!" भाऊराव त्यांनाही बोलायचे. जलेबी संपायची. आणि पोरांना वाटताना एखादा तुकडा भाऊरावांच्याही तोंडात जायचा, ज्याची वाच्यता डॉक्टरांपुढे करायची नव्हती.

फक्त एक होतं. दुर्वा यायची, खायची, हात फ्रॉकला पुसायची आणि जायची. मराठीचा एक शब्द तिच्या तोंडून फुटत नव्हता. गोष्ट सुरू केली की जलेबी संपेपर्यंत ऐकायची, आणि रेडा अजून गोठ्यातच असायचा.

"होईल, होईल," भाऊराव स्वतःलाच समजवायचे. "आधी ओढ, मग बोली."

आणि अशात शाळेतून फोन आला. दुर्वा वर्गात बेंचखाली शिरून बसते. मॅडम काही बोलल्या की बसते. साधं "बच्चो, किताब निकालो" म्हटलं तरी बसते.

भाऊरावांच्या पायाखालची जमीनच सरकली. पोरीने भीती सोडली नव्हती, नुसती मराठीवरून उचलून हिंदीवर ठेवली होती! नर्मदाबाईंची हिंदी इतकी उत्तम काम करील हे कोणाच्या ध्यानीमनी होतं? आणि पोरगी दिवसभर राहणार जबलपुरात, मॅडम हिंदी, मैत्रिणी हिंदी, रिक्षावाला हिंदी. आता ती कोणाकोणाला पाहून बेंचखाली शिरणार?

योगेंद्र कामात, वैभवीच्या कॉलेजात परीक्षा, म्हणून शाळेत भाऊरावच गेले. फाटकावर गार्डने अडवलं. "पालक को बुलाया है."

"मैं दादा हूँ."

"दादा पालक नहीं होते. पालक मतलब मम्मी-पापा. पापा का लिखा हुआ लाइए, साथ में आधार की कॉपी."

ज्यांनी उभ्या आयुष्यात फॅक्टरीच्या फाटकातून नापास माल आत जाऊ दिला नाही, त्या भाऊराव देवतळ्यांना एका पोरसवदा गार्डने नापास केलं. झेरॉक्सच्या दुकानात गेले तर लाइट नव्हती. लाइट आली तेव्हा कागद संपला होता. योगेंद्रने बँकेतून चिठ्ठी पाठवली ती मोबाइलवर, आणि गार्डला मोबाइलवरची चालेना. घामाघूम होऊन एकदाचे आत पोचले, तर समोर समुपदेशक गीतांजली मॅडम, वयाने त्यांच्या सुनेएवढ्या.

"दादाजी, घर पे बच्ची को कोई डाँटता है?"

"डाँटते हैं," भाऊराव अभिमानाने म्हणाले, "पर सिर्फ हिंदी में."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. भाऊरावांनी मग योजना सविस्तर सांगितली. भोंगा, गुलाबाचं सरबत, जलेबी, सगळं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बंद कीजिए. आज ही."

रात्री योगेंद्रही तेच सांगायला आला, पण सुरुवातीलाच अडखळला. "बाबा, हे..." एवढं म्हणून तो थांबला. रागवायचं कोणत्या भाषेत? हिंदीत रागवावं तर पोरगी टेबलाखाली. मराठीत रागवावं तर तिला वाटणार जलेबी आली. बिचारा हात हवेत उचलून तसाच उभा राहिला आणि मग जेवायला बसला. त्या दिवसापासून देवतळ्यांच्या घरात सगळे खुणांनी बोलू लागले. मीठ हवं तर चिमूट दाखवायची. पटेरियाजींनी भिंतीपलीकडून विचारलं, "सब ठीक है ना? बहुत शांति है." भाऊराव खाटेवर पडून आढ्याकडे पाहत राहिले. एक भाषा पोरीपर्यंत पोचवायला निघालो आणि होत्या त्या दोन्ही घालवून बसलो, याचं त्यांना फार वाईट वाटलं. दिवाळी तोंडावर आली होती.

दुर्वाला पाच वर्षांची लस द्यायची राहिली होती. रायपूरच्या शाळेला तिचा दाखला लागणार होता. वैभवीने विजय नगरच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली, पण ऐन दिवशी तिला सुटी मिळाली नाही. "मी नेतो," भाऊराव म्हणाले. तेवढंच पोरीला स्कूटरवर फिरवणं होईल. कुठे जायचं हे तिला कोणी सांगितलं नाही. घरात कोणी काही सांगतच नव्हतं.

दवाखान्यात गर्दी. आतल्या खोलीत राजश्री सिस्टर होत्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे नुकत्याच वर्ध्याहून आलेल्या. महिना झाला होता, कानावर मराठी पडली नव्हती. कागदावर देवतळे हे नाव वाचलं मात्र, त्यांचा चेहरा उजळला.

"अय्या! मराठी का तुम्ही? आणि ही कोण? ये गं माझी सोनुली! ये बाळा, बस माझ्याजवळ!"

खुर्चीत अंग चोरून बसलेल्या दुर्वाने कान टवकारले. तिचा चेहरा फुलला. ती खुर्चीवरून उतरली, तळहात पुढे केला आणि धावतच सिस्टरांकडे निघाली.

 सिस्टरांचा एक हात सुईच्या ट्रेकडे गेलेला भाऊरावांना दिसत होता. एवढ्या कष्टाने जुळवलेला धागा डोळ्यांदेखत तुटणार होता, तोही कायमचा. ते ताडकन उठले आणि सगळा दवाखाना ऐकेल अशा आवाजात ओरडले, "अहो बाई! हिंदीत बोला! हिंदीत टोचा!"

सिस्टरांना काही कळलं नाही. आणि कळेपर्यंत सुई दंडात जाऊन बाहेरही आली होती.

दुर्वा रडलीच नाही. तिने रिकाम्या तळहाताकडे पाहिलं. मग दंडाकडे पाहिलं. मग सिस्टरांकडे. मग छातीत हवा भरली, अगदी नर्मदाबाई भरतात तशी, आणि कमरेवर हात ठेवले.

"अगं भवाने!" ती कडाडली. "डोळे फुटले काय तुझे? काहून टोचलं मला? गोड गोड बोलून टोचून राहिली! लाज नाही वाटत? अक्कल गहाण ठेवली काय? थांब, येऊ दे माझ्या आजीला! तुझे हातच मोडते की नाही पाहा!"

 बाहेर बसलेल्या आया उठून दाराशी आल्या. आतल्या केबिनमधून डॉक्टरांनी डोकं बाहेर काढलं. राजश्री सिस्टरांच्या हातातला कापूस खाली पडला आणि त्या खुर्चीवर बसून हसू लागल्या, हसता हसता डोळे पुसू लागल्या. "घरी गेल्यासारखं वाटलं हो," त्या म्हणाल्या. "माझी आई अश्शीच बोलते."

भाऊराव तर जागेवर खिळले होते. मराठी! अस्सल, खणखणीत, पूर्ण वाक्यांची मराठी! कुठे अडखळणं नाही, कुठे हिंदीचा खडा नाही. जलेबीने जे जमलं नव्हतं ते या पोरीने टेबलाखाली बसून बसून केव्हाच गोळा करून ठेवलं होतं. ज्या भाषेपासून ती पळत होती ती तिने एक शब्द न सांडता उचलली होती, आणि खरा राग आला, खरं दुखलं, तेव्हा तीच तिच्या तोंडी आली. माणूस असा मनापासून रागावतो तो आपल्या भाषेत.  भाऊरावांना तिला उचलून नाचावंसं वाटत होतं.

"शाब्बास!" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

दुर्वा गर्रकन वळली. "आणि तुम्ही! तुम्ही नुसते पाहून राहिले दादू! मला काहून नाही सांगितलं? काही समजते की नाही तुम्हाला?"

"चुकलं माझं," भाऊराव म्हणाले.

"नुसतं चुकलं म्हणून होते काय?"

"नाही होत."

स्कूटरवर ती पुढे उभी राहिली, दुखरा हात पोटाशी धरून, आणि तोंड चालूच. इंजेक्शनवरून ती भाऊरावांच्या घोरण्यावर गेली, घोरण्यावरून ओल्या टॉवेलवर, टॉवेलवरून पंखा चालू ठेवण्यावर. आजीने आजवर भाऊरावांना जे जे ऐकवलं होतं ते सगळं तिच्याजवळ होतं. सिग्नलला शेजारच्या ऑटोतली माणसं वळून पाहत होती. भाऊरावांचा चेहरा असा काही आनंदाने चमकत होता की त्या माणसांनाही हसू आलं.

"बाळा," भाऊराव भीत भीत म्हणाले, "रायपूरहून फोन करशील ना, तेव्हा अशीच बोलशील?"

"आधी रस्त्याकडे पाहा! लक्ष कुठे असते तुमचं?"

"हो हो, पाहतो," भाऊराव म्हणाले. घराकडे जाणारा रांझीचा रस्ता सरळ समोर होता. त्यांनी इंडिकेटर दिला आणि स्कूटर लांबच्या रस्त्याला वळवली.